तिखटाची वाटी

संगणकाचा इतिहास सांगणारी विद्वान मंडळी सुरुवात मणी ओवलेल्या चिनी पाट्यांपासून करतात. मी ती ढेकणांपासून करणार आहे. एक तर मण्यांशी माझा संबंध तुळशीच्या माळेपुरताच आला, आणि ढेकणांबरोबर मात्र पुण्याच्या एका वाड्यात एका गादीवर अठरा वर्षं नांदलो आहे. दुसरं म्हणजे खुद्द संगणकवाल्यांनीच आपल्या शास्त्राची परिभाषा ढेकणांच्या दप्तरातून उचलली, त्याला माझा इलाज नाही.

साध्या मराठीत जिला आपण चूक म्हणतो, तिला ही मंडळी 'बग' म्हणतात. बग म्हणजे किडा, वेळप्रसंगी ढेकूणही. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या 'मार्क टू' नावाच्या खोलीभर यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला. लोकांनी त्याला बाहेर काढून कामाच्या नोंदवहीत चिकटपट्टीनं डकवला आणि खाली शेरा मारला, की खराखुरा बग सापडल्याची ही पहिलीच वेळ. ती वही पतंगासकट अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवली आहे. शब्द त्याहून बराच जुना. विजेच्या दिव्याचे एडिसनसाहेब १८७८ सालीच यंत्रांतल्या खोडींना बग म्हणत होते. पण नुसत्या शब्दाला कोण विचारतो? प्रेत सापडलं तेव्हा कुठे इतिहासाचं समाधान झालं.

किडा म्हटला की फवारा आलाच. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत, टीएक्स-झीरो नावाच्या यंत्रासाठी टॉमस स्टॉकहॅम आणि जॅक डेनिस यांनी चुका हुडकून काढणारा एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव ठेवलं 'फ्लिट'. वर म्हणे, ही एका लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत! ज्यानं लहानपणी पत्र्याच्या डबीचा तो हातपंप फुसफुस करत खाटेच्या सांध्यांतून मारला आहे, त्याला आद्याक्षरांच्या गोष्टी सांगू नयेत. लगेच पीडीपी-वन हे यंत्र आलं, तर त्याच्या फवाऱ्याचं नाव 'डीडीटी'. आपल्याकडे १९५३ पासून मलेरियाच्या मोहिमेत भिंती पांढऱ्या करून गेलेली तीच ही डीडीटी. ढेकूण मरत नाहीत, नुसते शेजारच्या खोलीत जातात, हा आमचा वाड्यातला अनुभव संगणकातही जसाच्या तसा लागू पडतो असं ऐकतो.

आता माझ्यासारख्या पेन्शनरानं आळंदीत बसून माऊलींचं नाव घ्यायचं सोडून हे कशाला उकरावं? तर माझा भाचा. तो आमच्याकडेच राहतो आणि रोज मोटारसायकलवरून चाकणला जातो. तिथल्या एका कारखान्यात (नाव घेत नाही, नोकरी त्याची आहे) गाड्यांमध्ये बसणाऱ्या तळहाताएवढ्या कंट्रोलरचे प्रोग्रॅम लिहिले जातात. हा कंट्रोलर इंजिनाचं तापमान बघतो आणि ते वाढलं की पंखा सुरू करतो. काम एवढंच, पण केलं नाही तर खंबाटकीच्या घाटात गाडी आधणासारखी उकळायची. गेल्या वर्षी चाचणीची एक गाडी उकळली. त्यानंतर पंधरा दिवस आमचा भाचा जेवताना पोळीकडे न बघता माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "मामा, आत काय चाललंय तेच दिसत नाहीये हो."

'आत काय चाललंय' हा प्रश्न भाच्याच्या आधी सत्तर वर्षांपूर्वी विचारून झाला आहे. केंब्रिजला एड्सॅक हे यंत्र मे १९४९ मध्ये चालू झालं, आणि ते उभं करणाऱ्या मॉरिस विल्क्स यांना जिना चढता चढता साक्षात्कार झाला, की आपल्या उरलेल्या आयुष्याचा चांगला मोठा भाग आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. काहींना जिन्यावर वैराग्य येतं, काहींना हे. त्या एड्सॅकला एक काचेची नळी होती. तिच्यावर यंत्राच्या स्मृतीतले आकडे ठिपक्यांच्या रूपात दिसत. बटण दाबून एकेक पाऊल पुढे जायचं आणि ठिपके निरखायचे. एकेक माणूस असा तासन् तास नळीला डोळे लावून बसू लागला आणि मागं रांग वाढू लागली, तेव्हा ठरलं, की यंत्रासमोर बसून डोकावायचं नाही. प्रोग्रॅम मेला की त्याचे अवशेष छापून घ्यायचे आणि घरी जाऊन बघायचे. या छपाईला त्यांनी नाव दिलं पोस्टमॉर्टेम. स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली या निदानशास्त्रावर रीतसर निबंध लिहिला.

आपल्याकडे मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९६० साली टिफ्रॅक हे यंत्र चालू झालं. आर. नरसिंहन यांच्या हाताखालच्या तरुण मंडळींनी ते इथंच बांधलं. स्मृती २०४८ शब्दांची. यंत्राच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची त्या काळी एक मोठी सोय होती, आणि ती सोय आहे हे त्याच्या गावीही नसायचं. तुम्ही जो आकडा ज्या घरात ठेवलात, तो त्याच घरात असायचा. अमुक घरात डोकावा, आकडा बघा, चूक असेल तर कपाळावर हात मारा. फ्लिटनं त्यात एवढीच भर घातली, की घराच्या क्रमांकाऐवजी नावानं हाक मारता येऊ लागली. पण ज्याला हाक मारायची तो घरीच असे.

तो घरी नसायला लागला तो कंपायलरमुळे.

कंपायलर म्हणजे, आपण माणसाला कळेल अशा भाषेत लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा कारकून. बाळबोधात लिहून द्यावं आणि त्यानं मोडीत उतरवून आणावं, तसं. जॉन बॅकस आणि मंडळींनी आयबीएमसाठी केलेला फोरट्रान १९५७ साली बाहेर पडला, तेव्हा लोकांची शंका अशी होती, की यंत्रानं केलेलं हे भाषांतर हातानं लिहिलेल्यापेक्षा ढिसाळ आणि हळू निघणार. त्या काळी यंत्राचा एकेक मिनिट सोन्याच्या भावानं विकला जाई. तेव्हा या कारकुनाला पहिल्या दिवसापासून शिकवण मिळाली ती काटकसरीची. तो शिष्यही असा निघाला, की त्याच्या युक्त्या बघून शिकवणारेच चक्रावले. हे पान आपल्याच कारकुनानं लिहिलं का, असा त्यांना प्रश्न पडे. काटकसरीच्या या कलेला 'ऑप्टिमायझेशन' म्हणतात. आमच्या आत्या हिला शहाणपणा म्हणत.

आत्यांचं सांगतो, म्हणजे लोकल व्हेरिएबलचं सांगितल्यासारखंच होईल. पाककृतीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं: एका वाटीत तिखट काढून घ्या, दुसरीत मीठ, तिसरीत गूळ. या ज्या वाट्या, ते लोकल व्हेरिएबल. भाजीपुरत्या काढायच्या, भाजी झाली की मोरीत. लोकल म्हणजे दादरला न थांबणारी नव्हे. स्थानिक, त्या स्वैपाकापुरती. वाण्यानं पुडीच्या कागदावर केलेली बेरीज असते ना, खतावणीत न जाणारी, तीही तसलीच. आता आत्या स्वैपाकाला उभ्या राहिल्या की तीन वाट्या कशाला काढतील? तिखट घातलं की त्याच वाटीत, हात न धुता, गूळ. मीठ तर वाटीत न काढताच मुठीनं थेट पातेल्यात. शिवाय पुस्तकात मीठ शेवटी सांगितलं असलं तरी डबा हाताशी आला म्हणून त्यांनी ते फोडणीबरोबरच टाकलेलं. भाजी मात्र पुस्तकाबरहुकूम, किंबहुना पाच मिनिटं आधी तयार. तक्रारीला जागाच नाही.

तक्रार सुरू होते ती कुणी डीबगर स्वैपाकघरात शिरला म्हणजे. डीबगर म्हणजे शेजारच्या काकू. हातात पुस्तक, डोळ्यांवर चष्मा. सहाव्या ओळीवर येताच ओरडतात, "थांबा! कुणी हलू नका. तिखटाची वाटी दाखवा." आत्या वाटी पुढं करतात. काकू बघतात तो त्यात गूळ. आता काकू अनुभवी असतील तर गप्प बसतात. नवख्या असतील तर सगळ्या आळीत बातमी होते, की यांच्या भाजीत तिखट म्हणून गूळ घालतात. मिठाची वाटी मागावी, तर मिठाची वाटी या घरात कधी जन्मालाच आलेली नाही. आणि पातेल्यातला रस चाखून 'पुस्तकाप्रमाणे अजून मीठ पडायचंय, मग हा खारट कसा?' असं म्हणावं, तर मीठ दोन ओळी आधीच पडून गेलेलं. तिन्ही ठिकाणी आत्यांचं काही चुकलेलं नाही आणि काकूंना दिसलेलंही खोटं नाही, पण दोहोंचा मेळ बसत नाही.

यंत्रात या वाट्यांना 'रजिस्टर' म्हणतात. आम्ही नोकरी केली त्या कचेरीत रजिस्टर म्हणजे पन्नास वर्षं जागचं न हलणारी वस्तू, तिच्यावर धुळीचासुद्धा सर्व्हिस-रेकॉर्ड असायचा. प्रोसेसरमधलं रजिस्टर म्हणजे क्षणाक्षणाला पुसली जाणारी पाटी. बरं, असतात मोजकीच. तेव्हा एकाचं काम संपलं की पाटी दुसऱ्याच्या हातात देण्यावाचून गत्यंतर नसतं. ज्या वाट्या रजिस्टरात मावत नाहीत, त्या स्मृतीत एकावर एक ठेवायच्या. पंगतीतल्या ताटांसारखी त्यांची चवड लागते आणि पंगत उठली की चवड मोडते.

यावर एक सोपा तोडगा होता आणि जगानं तो पुष्कळ वर्षं वापरला. काकू येणार असतील त्या दिवशी आत्यांना काटकसर बंद करायला सांगायची. सगळ्या वाट्या काढा, क्रम पाळा, पुस्तकातली एक ओळ झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. संगणकवाले याला 'डीबग बिल्ड' म्हणतात. काटकसरीनं केलेला, गिऱ्हाइकाकडे जाणारा तो 'रिलीज बिल्ड'. मला हा प्रकार शाळा-तपासणीसारखा वाटतो. दिपोटीसाहेब येणार म्हणून फळे काळेभोर केलेले, मुलांची नखं कापलेली, आणि गैरहजर पोरांना शेतातून उचलून आणून बसवलेलं. साहेब एक नमुनेदार शाळा बघून, शेरा लिहून जातात. फक्त ती शाळा त्या दिवसापुरतीच अस्तित्वात असते.

भाच्याचं नेमकं हेच झालं होतं. काटकसर बंद करून प्रोग्रॅम चालवला की पंखा गरगर फिरे. चालू केली की पंखा गप्प आणि इंजिन लालबुंद. काटकसर बंदच ठेवावी, तर तो पसरट प्रोग्रॅम कंट्रोलरच्या इवल्याशा स्मृतीत मावत नाही. म्हणजे जी शाळा गावात खरोखर भरते तिचीच तपासणी करणं भाग. तिथं त्यांनी प्रोग्रॅम ऐन उकळीच्या क्षणी थांबवला आणि विचारलं, "तापमान किती?" पडद्यावर आलं: शून्य.

शून्य! जिथं हात लावला तर फोड येईल, तिथं शून्य. मग ते शून्य खरं मानून त्यांनी तापमापक बदलला. तो झाल्यावर दुसरा बदलला. तारा बदलल्या. पुरवठादाराला एक कडक पत्रसुद्धा गेलं म्हणतात. चार दिवस अख्खा विभाग त्या शून्याच्या मागं धावत होता, आणि गाडी प्रत्येक वेळी तितक्याच इमानानं उकळत होती.

आळंदीत राहिलं की आत शिरून बघणाऱ्या एका थोर पुरुषाची आठवण पावलोपावली होते. माऊलींनी शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली इथं समाधी घेतली. पुढं जवळजवळ तीन शतकांनी पैठणच्या एकनाथमहाराजांना स्वप्नात दृष्टान्त झाला, की अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे. नाथ आळंदीला आले, समाधीत उतरले आणि ती मुळी दूर केली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. देवळात तो अजानवृक्ष दाखवतात आणि त्याच्या छायेत बसून लोक ज्ञानेश्वरी वाचतात. नाथांचं दुसरं काम कागदोपत्री आहे. नेवाशाला १२९० साली सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतींवर प्रती होत गेल्या, त्यांत पाठभेद शिरले. नाथांनी त्या जुळवून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि शेवटी बजावून ठेवलं, की या ग्रंथात कुणी स्वतःची ओवी रचून घालू नये. स्वतः उत्तम कवी असलेल्या माणसानं हे लिहावं, याचं मला फार मोल वाटतं. जिथं पाठ सापडत नाही तिथं एक झकास ओवी रचणं नाथांना कितीसं कठीण होतं? भाच्याच्या पडद्यावरच्या त्या डीबगरला मात्र हा संयम नव्हता. त्यानं जागा मोकळी बघून शून्य रचून घातलं होतं.

खरं तर त्यानंही रचलं नव्हतं. वाटीत जे दिसलं ते सांगितलं, वाटी कुणाची झाली आहे एवढं बघितलं नाही. या खोडीला शास्त्रात नाव पडलं १९८२ साली. स्टॅनफर्डचे जॉन हेनेसी यांनी, काटकसरीनं केलेला प्रोग्रॅम तपासताना दिसणारी किंमत केव्हा विश्वासार्ह नसते, यावर निबंध लिहिला. मूळ मजकुराप्रमाणे जी असायला हवी ती जर नसेल, तर ती किंमत चालू नव्हे. आणि असेल-नसेल हे सांगताच येत नसेल, तर ती धोक्यात आलेली. गंमत अशी, की हेच हेनेसी पुढं वेगवान प्रोसेसर घडवणाऱ्यांचे अग्रणी ठरले, आणि २०१७ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना डेव्हिड पॅटरसन यांच्याबरोबर त्याबद्दलच मिळाला. म्हणजे वाट्या कमी करणारा आणि वाट्यांचा हिशोब मागणारा माणूस एकच.

असाच दुसरा माणूस आपल्या पवईला निघाला. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक धनंजय ढमढेरे. इंजिनिअरिंगच्या पोरांना हे नाव त्यांच्या जाडजूड पाठ्यपुस्तकांमुळे माहीत असतं, आणि ज्या ग्रंथकर्त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण घडतं त्याच्याबद्दल जो आदर वाटतो तो वाटतो. ढमढेरे मुळात काटकसरीच्याच पंथातले. तेच ते काम पुन्हा करावं लागू नये म्हणून ते आधीच्या सोयीच्या जागी सरकवायचं कसं, यावर त्यांचा १९९१ सालचा निबंध आहे. आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये, के. व्ही. शंकरनारायणन यांच्याबरोबर त्यांनी एसीएम या अमेरिकी संस्थेच्या नियतकालिकात लिहिलं ते असं सरकवासरकव झाल्यावर डीबगरनं खरं कसं बोलावं, यावर.

तो निबंध मला भाच्यानं दोन रात्री समजावून दिला. पहिल्या रात्री काही कळलं नाही. दुसऱ्या रात्री त्यानं वारी काढली आणि गाडी रुळावर आली.

समजा, एका गृहस्थाच्या दोन दिंड्या आहेत. एक आळंदीहून माऊलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण करत निघाली. दुसरी देहूहून तुकोबांच्या पालखीबरोबर यवत, बारामती, इंदापूर, अकलूज करत. दोन्ही येऊन मिळतात वाखरीला, पंढरपूरच्या अलीकडे. दोघींच्या कारभाऱ्यांना वही एकच दिलेली: 'वाखरीला पोचलात की तंबूवाल्याचे पाचशे रुपये द्या.' पण आळंदीवाल्या कारभाऱ्याला तंबूवाला जेजुरीलाच भेटला. नंतर कुठं शोधत बसा, म्हणून त्यानं तिथंच पाचशे मोजून दिले. देहूवाल्यानं काहीच केलं नाही. आता तुम्ही वाखरीच्या वेशीवर, पैसे द्यायच्या ओळीच्या आधी दिंडी थांबवलीत आणि थैली मोजलीत. देहूकडून आलेल्याची थैली वहीबरहुकूम निघेल. आळंदीकडून आलेल्याची पाचशेनं कमी. दोन्ही थैल्यांतले पैसे खरेच आहेत. पण त्या घटकेला वहीप्रमाणे जे असायला हवं, ते एकाच थैलीत आहे.

आधीचे पंडित वेशीवर बसून, फक्त रस्त्यांचा नकाशा पुढं ठेवून निकाल देत. नकाशावर एक वाट साधी, एक गडबडीची. म्हणून येणाऱ्या प्रत्येकाच्या थैलीवर शिक्का: 'संशयास्पद'. बिचाऱ्या देहूकरांनासुद्धा! ढमढेरे आणि शंकरनारायणन यांनी विचारलं, की बाबांनो, प्रत्येकावर संशय घेण्यापेक्षा आलेल्या माणसाला विचारा ना, कुठल्या वाटेनं आलास? प्रोग्रॅम चालता चालता कुठल्या वाटेनं गेला याची नोंद ठेवली, तर थांबलेल्या क्षणी निकाल नक्की देता येतो. पण वारकऱ्यानं गावोगाव थांबून नोंदी करायच्या म्हटल्या तर तो आषाढीला पोचायचा नाही, कार्तिकीलाच उगवेल. म्हणून त्यांनी पुढं जाऊन दाखवलं, की अख्ख्या प्रवासाची डायरी नको. अमुक एवढाच छोटा उलगडलेला नकाशा पुरतो, आणि तो पुरतो हे सिद्ध करून दाखवलं. आमच्या उदाहरणात तर एकच खूण पुरे: जेजुरी लागली होती का? शिवाय थैली कमी निघालीच, तर मूळची रक्कम परत जुळवायची रीतही त्यांनी सुचवून ठेवली. पाचशे जेजुरीला गेले हे ठाऊक असेल तर मिळवून सांगता येतं की! हे मिळवणं नोंदीवरून, पदरचं काही नाही.

बाजारात मात्र रुळली ती वेगळी, जराशी ओबडधोबड सोय. त्यात कंपायलर काटकसर करता करता बाजूला आणखी एक वही लिहितो: या ओळीपासून त्या ओळीपर्यंत तिखट डाव्या वाटीत, पुढं पातेल्याच्या झाकणावर, त्याच्या पुढं कुठंच नाही. म्हणजे आत्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली कबुली. या वहीच्या ठरावीक नमुन्याला 'ड्वॉर्फ' म्हणतात. ज्या साच्यात प्रोग्रॅम साठवतात त्याचं नाव 'एल्फ', म्हणजे विलायती कथांतलं वनदेवतेच्या जातीचं चिमुकलं प्राणी. म्हणून वहीचं नाव बुटका. विनोदाच्या बाबतीत ही मंडळी फ्लिटच्या पुढं फारशी सरकलेली नाहीत. वाटीच्या स्थलांतराची अशी जंत्री लिहायची सोय १९९३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. पाचवी आवृत्ती २०१७ ची. बुटका नाव असलं तरी ही वही पुष्कळदा मूळ प्रोग्रॅमपेक्षा जाड भरते. आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहायला घेतलेला जीडीबी हा डीबगर ही वही वाचून, वाटी कुठंच नाही असं दिसलं की पडद्यावर दोन शब्द टाकतो: 'ऑप्टिमाइझ्ड आउट'. काटकसरीत गेलं. नवखी मुलं हे दोन शब्द बघून डीबगरला शिव्या घालतात. मला तो सगळ्यांत सज्जन शेजारी वाटतो. बघितलं नाही ते सांगत नाही, एवढा एक गुण ज्या शेजाऱ्यात असेल त्याला मी माझ्या घराची किल्ली देईन.

भाच्याच्या कारखान्यातली हत्यारं जुनी होती. पाचव्या दिवशी त्यानं कुठूनसा नवा कंपायलर आणि नवा डीबगर मिळवला, गाडी पुन्हा उकळवली, पुन्हा विचारलं, "तापमान किती?" उत्तर आलं: ऑप्टिमाइझ्ड आउट.

त्याबरोबर हा उठून उभा राहिला म्हणे. कारण शून्याला कारण लागत नाही, पण 'टाकून दिलं' म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच: का टाकून दिलं? उकळत्या इंजिनाचं तापमान कंपायलरला नकोसं कधी झालं? मग तो कंपायलरनं उतरवलेली ती मोडी घेऊन बसला. एकेक ओळ. रात्री अकराला त्याला सापडलं. मूळ मजकुरात लिहिलं होतं, की तापमान वाचा, मर्यादेपुढं गेलं का बघा, नसेल गेलं तर पुन्हा वाचा, असं करत राहा. तापमानाचा आकडा बदलत होता दुसराच एक छोटा प्रोग्रॅम, मागच्या दारानं. कंपायलरनं बघितलं, की या स्वैपाकघरात तर त्या डब्याला कुणी हात लावत नाही. मग पुन्हा पुन्हा कशाला डोकावायचं? आत्यांनी सकाळी एकदा डब्यात बघितलं, गूळ आहे. झालं, दिवसभर आहे. दुपारी पोरांनी मागच्या दारानं येऊन डबा साफ केला तरी आत्यांच्या लेखी गूळ आहेच. तसं तापमान गाडी थंड असताना एकदा वाचलं गेलं, मर्यादेच्या आत आहे असं ठरलं, आणि ते कायमचं ठरलं. मग तापमानाची वाटी हवी कुणाला? ती दुसऱ्या एका मोजणीला देऊन टाकली, आणि त्या मोजणीत त्या वेळी होतं शून्य.

म्हणजे पंखा न फिरणं आणि पडद्यावरचं शून्य, ही दोन्ही लेकरं एकाच आईची. 'हा डबा मागच्या दारानं बदलतो, दर वेळी डोकावून बघ' असं कंपायलरला सांगणारा एक शब्द असतो, व्होलाटाइल, चंचल म्हणा. तो शब्द मूळ मजकुरात लिहायचा राहिला होता. भाच्यानं लिहिला. पंखा फिरला. खंबाटकी चढून गाडी वर गेली आणि वर जाऊन सगळ्यांनी भजी खाल्ली.

पुढचा प्रसंग मात्र भज्यांइतका सुखाचा नव्हता. झाल्या प्रकाराचा अहवाल साहेबांकडे जायचा होता आणि अहवालाच्या छापील फॉर्मात एक रकाना होता: 'बिघाडाच्या वेळी प्रोग्रॅमनं वाचलेलं तापमान'. पहिल्या अहवालात कुणीतरी तिथं शून्य लिहून मोकळा झाला होता, आणि त्याच शून्याच्या जोरावर पुरवठादाराला ते पत्र गेलं होतं. भाच्यानं लिहिलं, 'उपलब्ध नाही'. साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, अंदाजानं शंभर-एकशे पाच घाल, इंजिन उकळत होतं ना? हा म्हणाला, "सर, इंजिन शंभरावर होतंच, पण प्रोग्रॅमनं ते वाचलंच नाही. वाचलं असतं तर पंखा फिरला असता." साहेब म्हणाले, रकाना मोकळा ठेवता येत नाही. हा म्हणाला, मोकळा नाहीच ठेवलेला, लिहिलंय त्यात. साहेब म्हणाले, त्यात आकडाच बसतो.

त्या रात्री तो जेवला नाही. सौभाग्यवतींनी "अरे, घाल की एक आकडा, जातंय काय तुझं?" म्हणून बघितलं. तो म्हणाला, "मामी, त्या शून्यानं चार दिवस खाल्ले. मी एकशे पाच घातले, तर पुढं कुणाचे किती खाईल?" त्यावर तिनं त्याच्या ताटात गरम भात वाढला आणि विषय बदलला.

तीन दिवस फॉर्म टेबलावर पडून होता. चौथ्या दिवशी पुरवठादाराचं उत्तर आलं, की आमचे तिन्ही तापमापक तपासले, तिन्ही निर्दोष आहेत, बिल सोबत जोडलं आहे. साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं, काही न बोलता भाच्याच्या अहवालावर सही केली आणि फॉर्म छापणाऱ्याला बोलावणं पाठवलं. तो तापमानाचा रकाना तीन आकड्यांपुरताच होता. आता तिथं 'उपलब्ध नाही' आडव्या ओळीत नीट मावतं.